ज्याच्यात असतं तो येतोच वर, असं मी म्हणत असे

ज्याच्यात असतं तो वर येतोच. कितीतरी वर्षं हे माझं ठाम मत होतं आणि ते मी मुलांना, पालकांना, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुणी विचारलं नाही तरी सांगत असे. मी पुण्यातल्या खडकीत वाढले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत हॉकी न खेळणारं घर शोधावं लागे, आणि त्याच खडकीतून धनराज पिल्ले गेला. तुटक्या स्टिका दोरीनं बांधून, टाकून दिलेल्या चेंडूंवर खेळत तो मोठा झाला आणि पुढे चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार आशियाई स्पर्धा खेळला. आमच्याकडे एखादा मुलगा मागे पडला की मोठी माणसं एवढंच विचारत, "धनराज आला ना वर?" त्यावर बोलायला काही उरत नसे. पुढे मी क्रीडाशिक्षिका झाले, मुलांना घेऊन नेहरूनगरच्या पॉलिग्रासच्या हॉकी मैदानावर जाऊ लागले, तेव्हा हेच वाक्य माझ्याही तोंडात बसलं.

आता मी ते म्हणत नाही. का, ते सांगायचं तर हॉबार्टपासून सुरुवात करावी लागेल.

ऑक्टोबर २००१. ऑस्ट्रेलियातल्या हॉबार्टला ज्युनियर वर्ल्ड कपची फायनल, भारत ६, अर्जेंटिना १. कप्तान गगन अजित सिंग, पुढच्या फळीत दीपक ठाकूर आणि प्रभज्योत सिंग, मध्ये अर्जुन हलप्पा, गोलात देवेश चौहान, आणि पेनल्टी कॉर्नरला जुगराज सिंग. १९८०च्या मॉस्कोनंतर हॉकीतलं ऑलिंपिक पदक न पाहिलेल्या आमच्यासारख्यांना हा संघ म्हणजे उशिरा का होईना, आलेला पाऊस होता. अथेन्सला ही पोरं पदक आणणार, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. त्यांची पेपरातली चित्रं कापून मी शाळेच्या फलकावर लावली होती.

अथेन्सला २००४ साली भारत सातवा आला. २००६च्या वर्ल्ड कपला अकरावा. त्याच वर्षी दोहाच्या आशियाई स्पर्धेतून संघ पदकाशिवाय परतला, हे त्याआधी कधीच घडलं नव्हतं. आणि मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सांतियागोला ब्रिटननं २-० असं हरवलं, तेव्हा १९२८ पासून पहिल्यांदाच भारताची हॉकी ऑलिंपिकला गेली नाही. हॉबार्टच्या त्या संघातल्या एकाच्याही गळ्यात ऑलिंपिकचं पदक पडलं नाही. हॉबार्टला सहा गोल खाल्लेल्या अर्जेंटिनानं मात्र २०१६ साली रिओला सुवर्ण जिंकलं.

त्या पोरांचा मला राग होता. खरोखरचा राग. कौतुक डोक्यात गेलं, पोलिसात अधिकारी म्हणून नोकऱ्या लागल्या, भूक संपली, असं माझं निदान होतं. मी ते वर्गात उदाहरण म्हणून वापरत असे: बघा, अंगात कला असून काय होतं!

त्या निदानाला पहिला तडा गेला तो पुण्यातल्या बालेवाडीत. भारतीय संघाची शिबिरं तिथे होत आणि जमेल तेव्हा मी मुलांना सराव बघायला नेत असे. जुलै २००९ मध्ये त्याच बालेवाडीत गोलरक्षक बलजित सिंगच्या उजव्या डोळ्यावर चेंडू लागला. हॉकीचा नव्हे, गोल्फचा. गोलकीपरची नजर आणि हातपाय चपळ व्हावेत म्हणून लहान, वेगानं येणाऱ्या चेंडूंवर सराव चालला होता. तरुण, भरवशाचा गोलरक्षक. त्या वर्षी भारतानं अझलन शाह चषक जिंकला होता आणि पुढची बरीच वर्षं गोल त्याच्याकडे राहील असं वाटत होतं. त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. ना कौतुक डोक्यात गेलं होतं, ना भूक संपली होती. सरावाला वेळेवर आलेला, सांगितलेलं करणारा मुलगा होता तो. माझ्या निदानात त्याला ठेवायला जागाच नव्हती.

सहा महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, त्याच बालेवाडीत खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. दिल्लीचा वर्ल्ड कप फेब्रुवारीअखेरीस होता आणि आपले थकलेले पैसे द्या, असं ते म्हणत होते. दीपक ठाकूर, प्रभज्योत, हलप्पा ही हॉबार्टची मंडळी त्या संघात होती. माझी पहिली प्रतिक्रिया जुनीच होती: वर्ल्ड कप तोंडावर आणि हे पैसे मागतात! पण माझ्यासोबतच्या एका सहावीतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, इंडियाच्या प्लेअरना पैसे मिळत नाहीत?" मी तिला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. हॉबार्टची फायनल जिंकून आठ वर्षं झाली होती, वर्ल्ड चॅम्पियन म्हणून ज्यांची चित्रं मी फलकावर लावली ती माणसं तिशीकडे झुकली होती, आणि आपल्याच मेहनतान्यासाठी त्यांना टर्फवर न उतरता बसून राहावं लागत होतं. काही दिवसांनी तोडगा निघाला, त्यांनी दिल्लीत पाकिस्तानला ४-१ असं हरवलंही, आणि अखेरीस आठवे आले.

त्यानंतर मी हॉबार्टनंतरची वर्षं नव्यानं वाचायला घेतली. जुन्या वर्तमानपत्रांतून, त्या काळात खेळलेल्या माणसांशी बोलून. चित्र वेगळंच दिसू लागलं.

२००२च्या क्वालालंपूर वर्ल्ड कपमध्ये स्पर्धा चालू असतानाच प्रशिक्षक सेड्रिक डिसोझांना काढलं. संघ दहावा आला. मग हॉबार्टच्या पोरांना घडवलेले राजिंदर सिंग सीनियर संघावर आले. २००३ साली याच पोरांच्या जोरावर भारतानं पहिल्यांदा आशिया कप जिंकला, तोही फायनलमध्ये पाकिस्तानला ४-२ असं हरवून. म्हणजे गाडी रुळावर होती. आणि अथेन्स तोंडावर आलं असताना राजिंदर सिंगांना बाजूला करून जर्मनीचे गेरहार्ड राख आणले गेले. ज्यांच्या हाताखाली पोरं चार वर्षं खेळली, ते ऑलिंपिकला नाहीत. पुढच्या चार वर्षांतही प्रशिक्षक येत आणि जात राहिले. त्याआधीची गोष्टही तशीच: १९९८ साली बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळालं, तर परतल्यावर प्रशिक्षक कौशिक गेले आणि धनराजसह अनेक ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर झाले. २००८च्या एप्रिलमध्ये निवडीसाठी पैसे घेतल्याचा आरोप टीव्हीवर उघड झाला आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेनं हॉकी महासंघच बाजूला केला. हे सगळं एकविसाव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या मुलाच्या बाजूनं बघावं. एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षात खेळाडूची समज पक्की होते. कधी पास द्यायचा, कधी चेंडू अंगावर ठेवायचा, पुढे असताना शेवटची पाच मिनिटं कशी काढायची, हे त्याच वयात अंगात मुरतं, आणि मुरायला एकाच माणसाची शिकवण काही वर्षं लागते. मी शाळेत पाहते ना: मधल्या वर्षी शिक्षक बदलले तर आठवीचा संघ नववीत विस्कटतो. तर मग देशाच्या संघाचं काय?

जुगराजबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण पेनल्टी कॉर्नरवरचा ड्रॅग फ्लिक शिकवायचा मी स्वतः प्रयत्न करते आणि तो किती अवघड आहे हे मला दर आठवड्याला दिसतं. डीच्या टोकावर चेंडू थांबतो. मारणारा दोन-तीन पावलांत येतो, मागचा पाय पुढच्या पायामागून आडवा टाकतो, कंबर जमिनीलगत आणतो, स्टिकच्या दांड्यावर चेंडू धरून तो मीटर-दीड मीटर घासत नेतो आणि मग कमरेच्या एका पिळात सोडतो. चेंडू मारायचा नसतो, फेकायचा असतो. सगळा भार पुढच्या गुडघ्यावर आणि पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मी दिवसाला मोजूनच मारायला देते. जुगराज हे विशीच्या आत जगातल्या भल्या भल्या गोलकीपरांविरुद्ध करत होता. सप्टेंबर २००३ मध्ये जालंधरजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला. वय २०. त्याच महिन्यात भारतानं तो आशिया कप जिंकला, त्याच्याविना. अथेन्सला कॉर्नरची जबाबदारी पडली ती १८ वर्षांच्या संदीप सिंगवर.

संदीपला २००६ साली रेल्वेत चुकून सुटलेली गोळी लागली आणि तरीही तो परत आला, देशाचा कप्तान झाला, त्याच्यावर 'सूरमा' नावाचा सिनेमा निघाला. मी जुगराजबद्दल काही बोलले की समोरचा हमखास म्हणतो, "पण संदीप आला ना परत?" खडकीतल्या "धनराज आला ना वर?"चंच हे दुसरं रूप. एकाचं हाड जसं जुळलं तसं दुसऱ्याचं जुळेलच असं नसतं, एकाला मिळालेला डॉक्टर दुसऱ्याला मिळतोच असं नसतं. जो परततो त्याची जिद्द आपल्याला दिसते. जो परतत नाही त्याचीही जिद्द तितकीच असू शकते, फक्त ती बघायला कुणी जात नाही. जुगराज पुढे भारताच्या पोरांना तोच ड्रॅग फ्लिक शिकवू लागला. या गोष्टीचं मला फार समाधान वाटतं.

राजीव मिश्राबद्दल समाधान वाटावं असं काहीच नाही. १९९७ साली मिल्टन कीन्सच्या ज्युनियर वर्ल्ड कपला भारत दुसरा आला, तेव्हा वाराणसीचा हा फॉरवर्ड त्या संघाचा चेहरा होता. पुढचा मोठा सेंटर फॉरवर्ड हाच, असं जाणते म्हणत. मग शिबिरात गुडघा गेला, आणि गुडघ्याबरोबर सगळंच. रेल्वेत नोकरी करत तो राहिला आणि २०२२ साली वाराणसीत, जेमतेम पंचेचाळिशी ओलांडलेली असताना, गेला. आज आपल्याकडे गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की शस्त्रक्रिया, मग सहा ते नऊ महिने फिजिओ, मग हळूहळू मैदान, हा रस्ता शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. १९९८ साली हा रस्ता परदेशातल्या खेळाडूंना ठाऊक होता, आपल्या शिबिरात नव्हता. ज्याच्यात होतं, तो वर येऊन पोहोचलेलाच होता. त्याला तिथे धरून ठेवणारं कुणी नव्हतं.

आणि धनराज? त्याच्याकडेही मी परत बघितलं. मोठा भाऊ रमेश त्याच्याआधी मुंबईला गेला होता आणि भारताकडून खेळलाही होता. भावाच्या मागे धनराज मुंबईत आला, महिंद्रच्या संघात गेला, तिथे जोकिम कार्व्हालोंसारखा मार्गदर्शक मिळाला, महिन्याला पगार मिळाला, रोज खेळायला मैदान मिळालं. त्याच्या प्रतिभेतून यातलं काहीही वजा होत नाही. पण तुटकी स्टिक आम्ही लक्षात ठेवली आणि भाऊ विसरलो. खडकीत त्याच्याबरोबर त्याच मैदानावर खेळणाऱ्या, मुंबईत कुणी नसलेल्या पोरांचं काय झालं, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

इथवर आल्यावर माझं मत पार दुसऱ्या टोकाला गेलं होतं. व्यवस्था नीट करा, सगळी पोरं वर येतील, असं मी म्हणू लागले. ते सोपं होतं आणि त्याला पुरावाही मिळाला. डिसेंबर २०१६, लखनौ. सेमी फायनलला ऑस्ट्रेलियाला शूटआउटमध्ये आणि फायनलला बेल्जियमला २-१ असं हरवून भारत १५ वर्षांनी पुन्हा ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियन झाला. या पोरांच्या वाढीच्या वयात हॉकी इंडिया लीग होती. परदेशातले दिग्गज ती पोरं टीव्हीवर बघत नव्हती, एकाच ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्या शेजारी बसत होती. फिजिओ होते, व्हिडिओ बघून खेळाची चिरफाड करणारी माणसं होती, पुढे ओडिशा सरकारचा पैसाही आला. त्या संघातले हरमनप्रीत, मनदीप, सिमरनजित, गुरजंत, वरुण, नीळकंठ, सुमित टोकियोला गेले आणि ४१ वर्षांनी पदक आलं. हॉबार्टच्या पोरांना जे हुलकावणी देऊन गेलं, ते लखनौनं दिलं. माझा सिद्धांत पूर्ण झाला, असं मला वाटलं.

पण लखनौच्या संघाचा कप्तान टोकियोला नव्हता. हरजीत सिंग, पंजाबातल्या कुराळीच्या ट्रकचालकाचा मुलगा, मिडफिल्डर. २०१८ साली त्याच्यावर 'हरजीता' हा पंजाबी सिनेमा निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. सीनियर संघात मात्र त्याचा जम बसला नाही. सेमी फायनलच्या शूटआउटमध्ये चेंडू अडवणारा गोलकीपर विकास दहिया, तोही तिथवर पोहोचला नाही. व्यवस्था चांगली, प्रशिक्षक चांगला, विजेतेपद हातात, आणि तरीही.

मी कागद घेऊन बसले. ज्युनियर वर्ल्ड कपच्या संघात १८ जण. ऑलिंपिकच्या संघात तेव्हा १६. मनप्रीत सिंगसारखा खेळाडू विशीच्या आत येतो आणि चार ऑलिंपिक खेळून जागा अडवून धरतो. त्यानं ती कमावलेली असते. म्हणजे दहा वर्षांत तीन ज्युनियर संघ, चोपन्न मुलं, आणि त्यांच्यासाठी मोकळ्या होणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हरजीतच्या वाट्याला आलेलं मधलं मैदान बघा: सरदार सिंग २०१८ पर्यंत, मनप्रीत, नीळकंठ, सुमित, मग हार्दिक आणि विवेक सागर. या गर्दीत न मावणं म्हणजे वाया जाणं कसं? देशातल्या सातव्या-आठव्या क्रमांकाचा मिडफिल्डर हा जगातला फार मोठा हॉकीपटू असतो.

आणि त्याच संघातला सिमरनजित. टोकियोसाठी त्याचं नाव मूळ १६ जणांत नव्हतंच, तो राखीव होता. करोनामुळे राखीव खेळाडूंनाही सामन्यासाठी घेता येईल असा नियम त्या वेळेपुरता बदलला, म्हणून त्याला टर्फवर पाय ठेवता आला. कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध भारत ५-४ असा जिंकला आणि त्या पाचातले दोन गोल त्याचे. नियम बदलला नसता तर आज आपण त्याच्याबद्दल काय म्हटलं असतं? मी काय म्हटलं असतं ते मला पक्कं माहीत आहे.

माझ्याकडे एक मुलगा होता, डाव्या इनचा. चेंडू घेऊन वळताना त्याचा खांदा एकीकडे जाई आणि चेंडू दुसरीकडे, समोरचा बॅक नुसता बघत राही. मी त्याच्या वडिलांना सांगून टाकलं होतं, हा देशाकडून खेळणार. दहावीच्या वर्षी गुडघा सुजू लागला. वडील कंत्राटी कामगार, एमआरआयचा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला जात होता, आणि राज्याच्या ट्रायल तोंडावर होत्या. पट्टी बांधून तो खेळला आणि दुसऱ्या सामन्यात खाली बसला. पुढे वर्षभर तो येत-जात राहिला, मग यायचा थांबला. जिद्द कमी पडली, असं मी तेव्हा म्हणत होते. आता तो भोसरीत एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन चालवतो आणि रविवारी सकाळी मैदानावर येतो. परवा तो एका दहा वर्षांच्या मुलीला तोच वळसा दाखवत होता, खांदा इकडे, चेंडू तिकडे. पाचव्या-सहाव्या वेळी तिला जमला. तिच्या आधी तोच ओरडला. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांत हॉकी त्याच्याइतकी कळलेला दुसरा कुणी नाही, हे मी आता त्याच्या तोंडावर सांगते.

शाळेत काही गोष्टी मी बदलल्या आहेत. चौदा वर्षांखालच्या संघात नुसत्या उंच, दांडग्या मुलांना घेत नाही. त्या वयात अंगानं आधी वाढलेला मुलगा गुणी वाटतो आणि दोन वर्षांनी बाकीचे उंचीला येऊन पोहोचतात. शालेय हॉकीच्या नेहरू कपच्या आधी कुणाचं दुखणं असेल तर त्याला बाहेर बसवते, मग पालक रागावोत. दहावीचा अभ्यास बुडवून शिबिराला पाठवत नाही. आणि कुणाच्याही आईवडिलांना, मुलगा कितीही गोड खेळत असला तरी, तो कुठवर जाईल हे सांगत नाही.

त्यांना मात्र तेच ऐकायचं असतं. गेल्या आठवड्यात सराव संपल्यावर एक वडील थांबले होते. मुलगा तेरा वर्षांचा, खरंच चांगला आहे, हात मऊ आहेत, डोकं वर ठेवून खेळतो. पार्किंगपर्यंत माझ्याबरोबर चालत आले आणि शेवटी विचारलंच, "मॅडम, खरं सांगा, हा इंडिया खेळेल ना?" मी म्हटलं, "ते नंतर बघू. आधी मला सांगा, गेल्या महिन्यात त्याची टाच दुखत होती, ती डॉक्टरांना दाखवली का?"